'घर की मुर्गी' डाळीच्या भावात का होती?

सातवीच्या वर्गात मुहावरे शिकवत होतो. 'घर की मुर्गी दाल बराबर' हा मुहावरा फळ्यावर लिहिला आणि अर्थ सांगितला, की जे घरात सहज मिळतं त्याची कदर राहत नाही. मराठीतली 'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हणही जोडीला दिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, ये तो उलटा है. गावरान मुर्गी तो बॉयलर से दुगनी महंगी मिलती है." वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुहावऱ्याकडे वळलो.

पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. मुहावरा लोकांच्या तोंडी रुळतो, म्हणजे कधीतरी तो खरा असला पाहिजे. ज्या काळात कोंबडी घरात जवळपास फुकट वाढत होती, त्या काळातच ती डाळीच्या बरोबरीची ठरू शकते. मग आमच्या वऱ्हाडात ती फुकट वाढायची कधी थांबली आणि का? उत्तर शोधायला मी कोंबडीच्या मागे लागलो आणि ज्वारीच्या इतिहासात जाऊन पोचलो.

नानीचं अंगण

माझं आजोळ दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे शेती पावसावरची. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते ९० च्या सुमारास, नानीकडे आठ-दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असायचा. मातीच्या भिंतीला टेकून केलेला दडबा, त्यावर जुना पत्रा. सकाळी फजरनंतर नानी दडब्याचं दार उघडायची आणि कोंबड्यांना काहीही टाकायची नाही. मला ते विचित्र वाटायचं. विचारलं की ती म्हणायची, सकाळीच पोट भरलं तर दिवसभर दारात बसून राहतील.

मग कोंबड्या आपल्या वाटेला लागायच्या. आधी शेजारच्यांचा गोठा. तिथे शेणात न पचलेले ज्वारीचे दाणे सापडत, माश्यांच्या अळ्या सापडत. मग उकिरडा. मग कुंपणाच्या कडेची कोवळी हरळी. पावसाळ्यात गांडुळं, नाकतोडे, आणि वाळवी. वाळवी लागलेलं लाकूड सापडलं की नाना ते आणून अंगणात आपटायचे. कोंबड्या धावत येऊन एकही किडा जमिनीवर राहू देत नसत. आणि सुगी आली की खळं.

ज्यांनी खळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापणी झाली की सारवलेल्या गोल जागेवर ज्वारीची कणसं पसरून त्यांवर बैल फिरवत, मग वाऱ्यावर उफणून दाणा वेगळा करत. चांगला दाणा पोत्यात जाई. शेवटी जमीन झाडताना माती, खडे, भुसा आणि दाणे यांचं मिश्रण उरे, ते मातेरं. मालक मातेरं मजुरांना देई किंवा तसंच सोडून देई. बाया ते पाखडून त्यातला बरा दाणा काढून घेत. त्यातूनही जे सुटे, ते कोंबड्यांचं. शेतात पडून राहिलेली कणसं वेचायची, तो सरवा. त्यातलाही थोडा भाग कोंबड्यांना मिळे.

संध्याकाळी मगरिबच्या आधी नानी दोन कोंबड्यांमागे एक मूठ या हिशेबानं ज्वारी टाकायची. ही मूठ पोट भरण्यासाठी नसे. ती परत बोलावण्यासाठी असे, आणि मोजण्यासाठी. दाणे टिपताना कोंबड्या एका जागी येतात, कोण आली नाही ते कळतं. मग एकेकीला दडब्यात घालताना नानी तिच्या गळ्याखाली बोटं फिरवून 'पोटा' चाचपायची. उर्दूत पोटा म्हणजे पक्ष्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी. पोटा टणक भरलेला असला तर ती कोंबडी ठीक; रिकामा असला तर ती आजारी, नाहीतर दुसऱ्या कोंबड्या तिला खाऊ देत नाहीत. पुढे पशुवैद्यकाच्या पुस्तकात मी हीच तपासणी वाचली.

पोट्यातून दाणा पुढे जातो तो 'संगदान्यात'. कलेजीबरोबर खाटकाकडे मिळतो तो पेटा म्हणजेच संगदाना. संग म्हणजे दगड. कोंबडीला दात नाहीत. ती बारीक खडे गिळते आणि त्या खड्यांच्या जोरावर हा स्नायू दाणा भरडतो. मातेऱ्यातली माती आणि खडे माणसाच्या दृष्टीनं कचरा, कोंबडीच्या दृष्टीनं जातं. म्हणून कोंडलेल्या कोंबडीला अख्खा दाणा द्यायचा तर बारीक खडीही द्यावी लागते. मोकळी कोंबडी ती स्वतः शोधते.

दाण्यामागे आलेला पक्षी

फारसीत मुर्ग म्हणजे कुठलाही पक्षी. शहामृगाला आपण शुतुरमुर्ग म्हणतो, म्हणजे उंटासारखा पक्षी. आपल्याकडे मात्र मुर्ग-मुर्गी म्हटलं की एकच पक्षी डोळ्यांसमोर येतो. तो माणसाजवळ आला कसा, यावर २०२२ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं जुन्या हाडांचा अभ्यास मांडला. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडं त्यांना थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली वाटतात, साधारण इसवीसनपूर्व १६५० ते १२५० या काळातली. त्यांचं म्हणणं असं, की कोरडवाहू भात आणि भरडधान्यांची शेती सुरू झाली, तिथे सांडलेल्या आणि साठवलेल्या दाण्यासाठी तांबडी रानकोंबडी जंगलातून वस्तीकडे सरकली. म्हणजे माणसानं कोंबडी पकडून आणली यापेक्षा कोंबडीच माणसाच्या दाण्यामागे आली.

या कहाणीत आपल्या भागाचाही थोडा वाटा आहे. २००८ मधल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, की बऱ्याच पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचं आणि पिवळ्या कातडीचं जनुक तांबड्या नव्हे, तर राखी रानकोंबडीकडून आलेलं आहे. राखी रानकोंबडी हा भारतातला पक्षी. आमच्या मेळघाटात तो आजही आहे. या जनुकामुळे हिरव्या पाल्यातला पिवळा रंग कातडीत साठतो. पांढऱ्या ज्वारीत हा रंग जवळजवळ नसतो. म्हणून नुसत्या ज्वारीवर ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक फिका होतो आणि हरळी, घोळ, मेथीची देठं खाणाऱ्या कोंबडीचा गडद. 'गावरान अंडं पिवळंधमक असतं' यामागचं कारण हा पाला आहे.

तीन दिवसांची कैद

मोकळी कोंबडी उकिरड्यावर काहीही खाते, मग ती खायची कशी, हा प्रश्न फार जुना आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अबू मूसा अशअरी यांचा प्रसंग आहे. जेवणात कोंबडी होती. एक माणूस हात लावेना. त्यानं कोंबडीला घाण खाताना पाहिलं होतं आणि पुन्हा न खाण्याची शपथ घेतली होती. अबू मूसांनी त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की मी स्वतः रसूलुल्लाह (स.) यांना कोंबडी खाताना पाहिलं आहे.

फिकहच्या पुस्तकांत घाणीवर पोसलेल्या जनावराला 'जल्लाला' म्हणतात. असं जनावर काही दिवस बांधून स्वच्छ चारा द्यावा आणि मगच जिबह करावं. कोंबडीसाठी ही मुदत तीन दिवसांची. हजरत इब्ने उमर असं करत, अशी रिवायत आहे. जी कोंबडी घाणीबरोबर दाणाही खाते तिच्यासाठी हनफी फिकहमध्ये ही सक्ती नाही. पण नानी हा नियम प्रत्येक कोंबडीला लावायची. पाहुणे येणार असले की तीन दिवस आधी एक कोंबडी डालग्याखाली जायची आणि तिला ज्वारी आणि पाणी मिळायचं. पाणीही घरच्या पिण्याच्या मटक्यातलं, कारण विहिरीचं खारं पाणी कोंबड्यांना, विशेषतः पिल्लांना, सोसत नाही.

या प्रथेचा एक अर्थ मला उशिरा कळला. तीन दिवस चांगला दाणा खायला घालण्याइतकी ज्वारी त्या घरात होती. आणि आमचं आजोळ काही जमीनदारांचं नव्हतं. नाना दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. सालदाराला वर्षाचे थोडे पैसे आणि बाकी ज्वारी मिळे. त्या काळात मजुराच्या घरी पैसा नसला तरी जवारी असायची.

कापूस आला, पण ज्वारी गेली नाही

वऱ्हाड म्हटलं की लोकांना कापूस आठवतो. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस लँकेशरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात अकोला आणि बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. अकोला, अमरावती, खामगाव ही बाजारपेठेची गावं मोठी झाली.

मग कोंबडीचा दाणा तेव्हाच का नाही संपला? कारण कापसाबरोबर ज्वारी राहिली. कापूस विकायचा होता, पण शेत नांगरायला बैल लागत आणि बैलाला कडबा लागे. सालदाराला दाणा लागे. घरात भाकर लागे. म्हणून शंभरेक वर्षं वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी आलटून-पालटून पिकत राहिले. कडबा बैलाचा, दाणा माणसाचा, मातेरं कोंबडीचं, अशी ती वाटणी होती. ज्वारी बुडाली तिथे ही वाटणीही बुडाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसांनाच दाणा नव्हता, मातेरं कुठून येणार?

कापसानं कोंबडीला कधीच काही दिलं नाही. सरकी आणि सरकीची ढेप गाई-म्हशींना चालते. कोंबडीला चालत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या मोठ्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं, कोंबडीत तसं होत नाही. सरकी खाल्लेल्या कोंबडीचं अंडं थोडे दिवस ठेवलं की बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि पांढरं गुलाबीसर होतं. वऱ्हाडचं सर्वांत मोठं पीक, आणि त्याचा एक दाणाही अंगणातल्या पक्ष्याच्या कामाचा नाही.

लाल दाणा, काळा दाणा

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. अम्मी सांगते, की त्या वर्षी दडब्यात दोनच कोंबड्या उरल्या होत्या. बाकीच्या विकल्या, काही खाल्ल्या. मिलोच्या भाकरीला घरात सगळे नाकं मुरडत. उरलेल्या दोन कोंबड्याही पहिले दोन दिवस लाल दाण्याकडे बघत उभ्या राहिल्या म्हणे, तिसऱ्या दिवशी खाऊ लागल्या. सवयीचा दाणा बदलला की कोंबडी अशी थबकते, हे मी नंतर स्वतः पाहिलं आहे.

त्याच सुमारास संकरित ज्वारी पसरत होती. देशातलं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आलं. पुढे १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, त्यालाच आज आपण डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणतो. संकरित ज्वारीनं उत्पन्न वाढवलं, हे नाकारता येत नाही. पण जुनी ज्वारी उंच होती आणि पाऊस संपल्यावर पिकायची. हायब्रीड बुटकं आणि लवकर येणारं. ते नेमकं परतीच्या पावसात सापडायचं आणि कणसावर बुरशी येऊन दाणा काळा पडायचा. काळ्या ज्वारीला भाव नाही, भाकर कडवट, कडबाही कमी. बुरशीचा दाणा कोंबडीलाही बाधतो. नानी तो धुऊन, उन्हात वाळवून, निवडून मगच टाकायची, आणि पिल्लांना तर अजिबात देत नसे. ज्वारी नकोशी व्हायची सुरुवात इथून झाली. त्यात रानडुकरं आणि पाखरं यांचा त्रास, आणि रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ.

सोयाबीनचा फेरा

मग आलं सोयाबीन. १९९४ मध्ये जेएस-३३५ हे वाण आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विदर्भाचा चेहरा बदलला. सुमारे शंभर दिवसांत पीक हातात, रोख पैसा, नंतर हरभऱ्याला रान मोकळं. शेतकऱ्यानं सोयाबीन घेतलं यात त्याची चूक नाही. आज महाराष्ट्रात ते चाळीस लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर आहे आणि वऱ्हाडातली खरीप ज्वारी नावाला उरली आहे.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, ज्वारीच्या जवळपास चौपट. तरीही कच्चं सोयाबीन कोंबडीला देता येत नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. पिल्लांची वाढ खुंटते, स्वादुपिंड सुजतं. उष्णता दिली की तो घटक निकामी होतो. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं, की सोयाबीन शिजवल्याशिवाय जनावराची वाढ नीट होत नाही. म्हणून सोयाबीन आधी कारखान्यात जातं. तेल काढतात, उरलेली पेंड वाफेनं भाजतात. बाजारात तिला डीओसी म्हणतात. त्यात मका, खनिजं आणि जीवनसत्त्वं मिसळून कोंबडीखाद्य होतं आणि गोणीत भरून परत गावात येतं.

फेरा नीट पाहा. पूर्वी शेतात सांडलेला दाणा कोंबडी थेट टिपायची. आता शेतात सांडलेला दाणा तिला चालत नाही. तोच दाणा कारखान्यातून फिरून आला की चालतो, पण मग त्याचे पैसे पडतात. खळंही उरलं नाही. मळणीयंत्र शेताच्या बांधावर चालतं, मागे उरतं ते सोयाबीनचं कुटार. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले आणि गोठा रिकामा झाला, म्हणून शेणातले दाणे आणि अळ्याही गेल्या. फवारणीनं किडे कमी झाले.

आणखी एक गोष्ट आमच्याच घरात घडली. नानी गेल्यावर अम्मीनं कोंबड्या सांभाळल्या होत्या. एका जूनमध्ये कुणीतरी पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं लाल बियाणं उकिरड्यावर टाकलं. दुपारपर्यंत सात कोंबड्या अंगणात पाय ताणून पडल्या होत्या. टाकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? उकिरड्यावर टाकलेला दाणा कोंबडी खाते, आणि तो विषारी असू शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. अम्मीनं त्या पुरल्या आणि पुढची तीन वर्षं दडबा रिकामा राहिला.

अंड्याचे पैसे

त्या सात कोंबड्यांबरोबर काय गेलं, ते तेव्हा आम्हा मुलांना कळलं नाही. अंड्याचे पैसे बाईचे असत. नाना सालाचे पैसे आणत, ते उधारीत जात. अंडी विकून आलेले पैसे नानी पानदानाखाली ठेवायची. त्यातून मुलींच्या बांगड्या आल्या, मदरशाची फी गेली, माझ्या पहिल्या कंपासपेटीचे पैसेही त्यातलेच. शेजारच्या काकूंच्या घरी कोंबड्या पाळायला चालत नव्हतं, पण त्यांच्या शेळीच्या दुधाचा हिशेब असाच वेगळा असायचा. घरात कुणी न विचारता खर्च करता येईल असा एवढाच पैसा बायकांच्या हाती होता, आणि तो सांडलेल्या ज्वारीतून यायचा.

आता अम्मी माझ्याकडे अकोल्याला असते आणि घरामागच्या जागेत पाच गावरान कोंबड्या पाळते. म्हणून हिशेब मांडता येतो. पिंजऱ्यातली अंड्याची कोंबडी रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आमची गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. तिला पिंजऱ्यात ठेवून विकतचं खाद्य घातलं तर हमखास तोटा. म्हणून अम्मी तिला मोकळं सोडते आणि वरून साधारण ५० ग्रॅम देते. पाच कोंबड्यांना महिन्याला साडेसात किलो. त्यातली निम्मी ज्वारी. बाकी अकोल्यातल्या डाळ गिरण्यांमधून मिळणारी तुरीची चुरी आणि रेशनच्या तांदळाची कणी. डाळीची चुरी घातली की ज्वारीत कमी असलेली प्रथिनं भरून निघतात. किडे आता पुरेसे नाहीत, त्यांची जागा चुरीनं घेतली आहे. फोडलेल्या अंड्यांची टरफलं वाळवून, चुरून परत कोंबड्यांनाच, म्हणजे पुढच्या अंड्याचं कवच पातळ होत नाही. भाजीवाल्याकडची कोथिंबिरीची देठं. क्वचित सोयाबीन, तेही कढईत चांगलं भाजून, मूठभरच.

हे सगळं धरून महिन्याला दोन-अडीचशे रुपये खर्च आणि वीस-पंचवीस अंडी. बारा रुपयांनी विकली तर खर्च निघतो, वर थोडे उरतात. नानीच्या हिशेबात खर्चाच्या रकान्यात जवळपास शून्य होतं. तिची कोंबडी डाळीच्या भावात पडत होती, कारण तिचं पोट गावाच्या शेतीनं भरलं होतं. त्या शेतीत दाणा सांडण्याइतका होता आणि सांडलेला दाणा गरिबाचा असतो, हे सगळ्यांना मान्य होतं.

पुढच्या तासाला त्या मुलाला उभं केलं आणि सांगितलं, "बेटा, तू बरोबर होतास. हा मुहावरा ज्वारीच्या काळातला आहे." त्यानं विचारलं, "सर, ज्वारी म्हणजे ती भाकरीची? आमच्या घरी ती फक्त दादी खाते." मी त्याला म्हटलं, मग दादीला विचार, तिच्या अंगणात किती कोंबड्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत आकडा लिहून आणला होता, चौदा. आणि त्याखाली, मी न विचारता, एक ओळ: दादी कहती है दाना कभी खरीदा नहीं.